मार्माइटची बरणी आणि पिवळं इंजेक्शन

१९३१ चा जून महिना. वेल्समधल्या रुथिन गावी एका शुश्रूषागृहात लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत जाणारा हा आजार, आणि त्या काळच्या वैद्यकाकडे त्यावर काहीही उपाय नव्हता. पैसा होता, जगातले उत्तम डॉक्टर होते, तरी नव्हता. त्याच महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लेख छापून आला. त्यात मुंबईसारख्या उष्ण मुलखातल्या गरोदर बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी झपाट्याने कमी होत जातात आणि त्या दगावतात, त्याची चर्चा होती. लेखिका होत्या डॉ. ल्यूसी विल्स. आणि त्यांनी सुचवलेलं औषध इंग्लंडातल्या कोणत्याही वाण्याकडे मिळणारं होतं : पावाला फासून खायचा काळपट, खारट यीस्टचा अर्क, मार्माइट.

एक बाई गिरणीमालकांच्या वर्तुळातली, दुसऱ्या गिरणीत राबणाऱ्या. एकीच्या रक्तात पेशींचा पूर, दुसऱ्यांच्या रक्तात दुष्काळ. त्या महिन्यात या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवल्या नसत्या. पुढच्या सतरा वर्षांत मात्र कळलं की पूर आणि दुष्काळ या दोन्हींची किल्ली एकाच जीवनसत्त्वाकडे आहे. त्या जीवनसत्त्वाचा माग लागला तो आपल्या परळात.

आज मुलुंड-घाटकोपरहून येणारा माणूस परळ स्टेशनला उतरतो, बोरिवली-अंधेरीहून येणारा प्रभादेवीला. जुनी माणसं अजून त्याला एल्फिन्स्टनच म्हणतात. बाहेर पडलं की थोड्याच अंतरात तीन संस्था लागतात : हाफकिन इन्स्टिट्यूट, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि टाटा मेमोरियल. प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची जाड फाइल घेऊन टाटाच्या रांगेत बसलेल्या नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो, ‘अशक्तपणा आलाय, तर काही व्हिटॅमिनच्या गोळ्या, टॉनिक चालू करू का?’ कुणीतरी शेजारच्या केमिस्टकडून बाटली आणूनही ठेवलेली असते. पोटच्या पोराला किंवा बायकोला काहीतरी द्यावं, आपल्याही हातून काहीतरी व्हावं, ही त्यामागची तगमग खरी असते. त्या प्रश्नाला आज जे उत्तर दिलं जातं, ते ज्या घटनांमधून तयार झालं त्यांची सुरुवात याच रस्त्यावरच्या हाफकिनमधली.

गोष्ट १९२८ ची. गिरणगाव पेटलेलं होतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचे भोंगे बंद. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. गिरणीत हजारो बायका कामाला होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. दिवस भरत आले तरी त्या उभ्याने काम करत आणि बाळंतपणात रजा घेतली की पगार बुडे. त्याच जुलैत मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतपणात बायका मरतात ही बाब चुलीपाशी कुजबुजण्याची राहिली नव्हती, ती सभागृहात बोलली जाऊ लागली होती.

वैद्यकाच्या बाजूनेही हालचाल चालू होती. डॉ. मार्गारेट बाल्फर या भारतात अनेक वर्षं काम केलेल्या डॉक्टर मातामृत्यूंची चौकशी करत होत्या आणि त्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचा पैसा मिळाला होता. गरोदरपणात येणारा एक विशिष्ट ॲनिमिया त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून डॉ. विल्स यांना बोलावून घेतलं.

विल्स तेव्हा चाळिशीच्या होत्या. आधी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, मग पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला केपटाउनला रुग्णसेवा केली, आणि तिथून परतल्यावर वैद्यकाकडे वळल्या. लग्न केलं नाही. हाफकिनच्या आवारात, म्हणजे एके काळच्या गव्हर्नरच्या वाड्यात, त्यांनी प्रयोगशाळा थाटली. प्लेगची लस जिथे मोठ्या प्रमाणावर बनवली गेली, तीच ही वास्तू.

आजाराचं चित्र असं. सहाव्या-सातव्या महिन्यात बाई पांढरीफटक पडायची. जिने चढताना धाप, पायांवर सूज, जीभ लालबुंद होऊन सोललेली. निरोगी बाईच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४० ते ४५ लाख तांबड्या पेशी असतात. गंभीर रुग्णांत तो आकडा १० लाखांपर्यंत घसरे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्याहून चमत्कारिक दिसे. लोह कमी पडतं तेव्हा पेशी लहान आणि फिकट होतात; इथे उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. थोड्या, पण थोराड.

अशाच मोठ्या पेशींचा ‘पर्निशियस ॲनिमिया’ पाश्चात्य डॉक्टरांना माहीत होता. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी रोज भरपूर यकृत, म्हणजे काळीज, खायला घालून तो आटोक्यात येतो हे दाखवलं होतं. मग मुंबईच्या बायकांनाही काळीज द्यावं का? परवडायचं कुणाला, आणि ज्या घरात मांस शिजत नाही तिथे काय? शिवाय हा आजार तोच आहे की वेगळा, हेही ठरायचं होतं.

विल्स यांनी प्रयोगशाळेत बसून तर्क लढवला नाही, त्या बायकांच्या ताटापर्यंत गेल्या. मानेक मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांची नावं त्यांच्या शोधनिबंधांवर आहेत. तळपद्यांबरोबरचा निबंध तर मुंबईच्या बायकांचा आहार आणि राहणी यांच्या पाहणीचाच आहे. कुठल्या घरात काय शिजतं, भाजी किती, दूध मिळतं का, फळ कधी दिसतं का, घरात ऊन येतं का, सगळं विचारलं गेलं. एका इंग्रज बाईला चाळीतल्या बायकांनी हे मोकळेपणाने सांगितलं असेल, तर त्यात या स्थानिक सहकाऱ्यांचा वाटा मोठा असणार, असं वाटल्यावाचून राहत नाही. पाहणीतून दिसलं ते स्पष्ट होतं : ताट जितकं निकस, तितका हा ॲनिमिया जास्त. सर्वांत निकस ताट गरीब मुसलमान बायकांचं होतं आणि त्याच सर्वाधिक आजारी पडत होत्या.

मग चुकत-माकत शोध सुरू झाला. अ आणि क जीवनसत्त्वं देऊन पाहिली, फरक पडला नाही. उंदरांना तोच आहार घालून पाहिला; पण उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणाऱ्या रक्ताच्या जंतुसंसर्गाने निष्कर्षांत घोळ घातला. मधले काही महिने काम कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हललं. शेवटी माकडं आणली. परळच्या गरीब बाईच्या ताटात जे असे तेच माकडांना घातलं आणि त्यांच्या रक्तातही तशाच मोठ्या पेशी दिसू लागल्या. एच. एस. बिलिमोरिया यांच्यासह लिहिलेला तो निबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार जंतूंचा नाही, वंशाचा नाही, धर्माचा तर मुळीच नाही. ताटात जे नव्हतं त्याचा आहे, हे यापेक्षा उघड कसं सांगणार?

उपाय यीस्टमध्ये सापडला. ब-जीवनसत्त्वांसाठी यीस्ट तेव्हा प्रसिद्ध होतं. मार्माइट कंपनी १९०२ पासून इंग्लंडातल्या बिअरच्या कारखान्यात उरणारं यीस्ट घेऊन त्याचा अर्क बरण्यांत भरत असे. काळसर, चिकट, काकवीसारखा दिसणारा, पण चवीला खारट आणि उग्र. स्वस्त आणि शाकाहारी. तो दिल्यावर काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागत. भूक परत येई, सूज उतरे. आठवड्यापूर्वी उठून बसता न येणारी बाई पोराला पाजायला घेई.

विल्स यांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. पर्निशियस ॲनिमियावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या आजारावर निकामी ठरत होता आणि अशुद्ध अर्क गुणकारी. म्हणजे यकृतात दोन वेगळी द्रव्यं होती. एक पुढे ब-१२ म्हणून ओळखलं गेलं. दुसऱ्याला बरीच वर्षं नावच नव्हतं. डॉक्टर त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. या रहस्याचा शेवट पाहायला त्या मुंबईत थांबल्या नाहीत. १९३३ च्या सुमारास हाफकिनमधलं काम आवरून त्या रॉयल फ्रीला परतल्या.

नाव मिळालं १९४१ मध्ये. अमेरिकेत टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकाची भाजी आटवून त्यातून चिमूटभर द्रव्य वेगळं केलं. पानातून निघालं, म्हणून लॅटिनमधल्या ‘फोलियम’ म्हणजे पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं. मेथी, माठ, पालक, मोड आलेली कडधान्यं, सगळ्यांत ते असतं. मात्र भाजी फार वेळ शिजवली आणि पाणी फेकून दिलं, तर बरंचसं त्यासोबत जातं.

आता थोडं थांबून हे द्रव्य करतं काय ते पाहायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पेशी दुभंगून एकीच्या दोन होण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्या नकलेचा एक घटक फॉलिक ॲसिडच्या मदतीशिवाय बनत नाही. आपल्या अस्थिमज्जेत सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. फॉलिक ॲसिड आटलं की या कारखान्यात पेशी वाढतात, फुगतात, पण दुभंगू शकत नाहीत. म्हणून त्या थोड्या आणि थोराड. पोटात बाळ असताना शरीरभर पेशी दुभंगत असतात, मागणी वाढते, आणि निकस ताटावर जगणाऱ्या बाईची शिल्लक संपते. आता उलट बाजूने विचार केला तर? शरीरात सतत, बेबंद दुभंगणाऱ्या पेशी कर्करोगाच्या. त्यांना फॉलिक ॲसिड किती लागत असेल!

हा विचार आज सरळ वाटतो. १९४६ साली तो कुणालाच सरळ वाटला नव्हता.

न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळांत संशोधनाचे प्रमुख होते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे, मद्रासला वैद्यक शिकलेले, १९२२ मध्ये बोस्टनला गेलेले. त्यांचे भाऊ ‘स्प्रू’ या पोटाच्या आजाराने गेले होते, ज्यात अन्नातलं पोषण अंगी लागत नाही आणि रक्त याच पद्धतीने आटतं. घरातला हा आघात त्यांनी आयुष्यभर मनाशी बाळगला. त्यांच्या हाताखालच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. विल्स यांच्या बरणीतलं द्रव्य आता पिवळ्या-नारिंगी भुकटीच्या रूपात हवं तितकं मिळू लागलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये काही संशोधकांनी या द्रव्याने उंदरांच्या स्तनातल्या गाठी विरतात असं जाहीर केलं होतं. बोस्टनच्या बाल रुग्णालयातले डॉ. सिडनी फार्बर यांनी ते मनावर घेतलं. फार्बर मुळात शवविच्छेदन करणारे पॅथॉलॉजिस्ट. रक्ताच्या कर्करोगाने गेलेली कितीतरी मुलं त्यांनी टेबलावर पाहिली होती. त्या मुलांच्या मज्जेत अर्धवट वाढलेल्या पेशींची गर्दी असे. विल्स यांनी तपासलेल्या बायकांच्या मज्जेतही अर्धवट पेशी असत आणि त्या जीवनसत्त्वाने सुधारत. मग मुलांनाही तेच द्यावं, पेशी शहाण्या होतील, ही त्यांची आशा.

त्यांनी सुब्बाराव यांच्याकडून फॉलिक ॲसिडची संयुगं घेतली आणि मुलांना दिली. आजार उसळला. मज्जेतल्या कर्करोगाच्या पेशी आधीपेक्षा जोमाने वाढलेल्या दिसल्या. ज्या रुग्णांना टॉनिक म्हणून जीवनसत्त्व दिलं, त्यांच्या रोगालाच ते टॉनिक लागू पडलं होतं. आज अशा प्रयोगाला कुठलीही नैतिकता समिती सहज परवानगी देणार नाही, आणि न देणंच योग्य. ती मुलं कुणाची तरी होती. हे लिहिताना त्यांचा विसर पडता कामा नये, कारण पुढची पिढी ज्या ज्ञानावर वाचली त्याची किंमत त्यांनी मोजली.

फार्बर यांचं मोठेपण हे की अपयश झाकून न ठेवता त्यांनी ते उलटं वाचलं. जीवनसत्त्वाने आग भडकते, तर जीवनसत्त्व तोडल्याने ती विझेल. त्यासाठी हवा होता तोतया : दिसायला हुबेहूब फॉलिक ॲसिड, पेशीने भोळेपणाने आत घ्यावा असा, पण आत गेल्यावर यंत्र अडकवून ठेवणारा. सुब्बाराव यांच्या लेडर्लेत असे तोतये तयार होतच होते. त्यातला एक ॲमिनोप्टेरिन. रेणूच्या एका कोपऱ्यातला एक लहानसा गट बदललेला, बाकी तसाच.

२८ डिसेंबर १९४७ रोजी दोन वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला तो टोचायला सुरुवात झाली. काही दिवसांत वाढत्या पांढऱ्या पेशी खाली येऊ लागल्या. वाढलेली पाणथरी आणि यकृत ओसरलं. मूल चालू लागलं. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निकाल प्रसिद्ध केला : १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा. ती टिकली नाही. काही महिन्यांनी आजार परतला आणि मुलं गेली. पण रक्ताच्या कर्करोगाला औषधाने मागे रेटता येतं हे मुलांमध्ये पहिल्यांदाच दिसलं होतं. लेडी मेहेरबाई गेल्या त्याला बरोबर १७ वर्षं झाली होती. दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बारावही गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी. ज्या औषधाने पुढे लाखो माणसं वाचणार होती, त्याचा जेमतेम आरंभ त्यांनी पाहिला.

ॲमिनोप्टेरिनची जागा लवकरच त्याच्या धाकट्या भावाने घेतली, मेथोट्रेक्सेटने. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी त्याने वारेपासून उद्भवणारा कोरिओकार्सिनोमा बरा करून दाखवला. शरीरात पसरलेली कर्करोगाची गाठ केवळ औषधाने बरी होण्याचं हे पहिलं उदाहरण. गरोदर बायकांना वाचवणाऱ्या जीवनसत्त्वाचा तोतया, आणि त्याचा पहिला पुरता विजय गरोदरपणातूनच उपजणाऱ्या कर्करोगावर.

परळात दरम्यान काय घडलं होतं? पत्नीच्या मृत्यूनंतर सर दोराबजी टाटांनी रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा केला आणि त्याच वर्षी तेही गेले. देशात कर्करोगाचं रुग्णालय व्हावं ही त्यांची इच्छा त्यांच्या विश्वस्तांनी पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल उघडलं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं.

औषध बोस्टनला सापडलं म्हणून मुंबईतली मुलं लगेच वाचली असं झालं नाही. हा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि तो सांगायलाच हवा. १९७० च्या दशकात भारतातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांतही मुलांमधल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून फार थोडी मुलं वाचत. चार वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांहूनही कमी. औषधं होती, पण कधी, किती, कशानंतर काय, याची इथल्या मुलांना झेपेल अशी घडी नव्हती. कुपोषित शरीर, उशिरा झालेलं निदान, उपचार अर्धवट सोडून गावी परत जाणं, जंतुसंसर्ग. १९८४ पासून टाटात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतले डॉ. इयन मॅग्रथ यांच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ नावाचा उपचारक्रम सुरू झाला. चेन्नई आणि दिल्लीतही तोच राबवला गेला. तेच प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. या क्रमातलं एक मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, पाठीच्या कण्यातून टोचलं जाणारं, मेंदूत लपलेल्या पेशींना गाठण्यासाठी.

ते औषध पिवळं असतं. सिरिंज उजेडात धरली की हळदीच्या पाण्यासारखं दिसतं. कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलेल्या मुलाला आई समोरून धरून ठेवते, डोळ्यांत बघत राहते. ज्यांनी हे केलंय त्यांना तो रंग विसरता येत नाही. बाहेरगावची कुटुंबं या उपचारासाठी महिनोन्‌महिने मुंबईत राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा किती घरांना आसरा दिला असेल. बरी झालेली मुलं मोठी झाल्यावर त्यांच्याकडे लक्ष राहावं म्हणून टाटात १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो, डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी तो उभा केला. तिथे येणाऱ्यांत आज नोकरदार आहेत, आईबाप झालेले आहेत.

मूळ जीवनसत्त्वाचीही वाटचाल चालूच होती. १९७० मध्ये भारत सरकारने गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू केला. घाटकोपरच्या राजावाडीत असो की आशाताईच्या पिशवीत, मिळणारी ती लाल गोळी विल्स यांच्या बरणीची वारस आहे. त्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेल्या बायकांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून हे जीवनसत्त्व घेतलं, तर पुढच्या बाळात तो दोष येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. हे ऐकायला विल्स नव्हत्या. १९६४ मध्ये त्या निवर्तल्या होत्या.

इतकं गुणाचं द्रव्य, मग ते कर्करोगही टाळत असेल, असं वाटणं साहजिक होतं. भाज्या खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी दिसतात, भाज्यांत जीवनसत्त्वं असतात, तर थेट गोळीच का नको? नोबेल विजेते लायनस पॉलिंग यांनी १९७० च्या दशकात क जीवनसत्त्वाबद्दल हेच सांगितलं आणि जगाने ऐकलं. मेयो क्लिनिकने काटेकोर चाचण्या घेतल्यावर रुग्णांचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. १९९४ मध्ये फिनलंडमधून जबर धक्का बसला. २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजरात जे चांगलं ते गोळीत वेगळं वागलं.

फॉलिक ॲसिडचा हिशोब अधिक नाजूक निघाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मोठ्या आतड्यात आधी गाठी झालेल्यांना रोज एक मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं होतं. नव्या गाठी थांबल्या नाहीत, उलट पुढारलेल्या गाठी काहीशा वाढल्या. नॉर्वेतल्या हृदयरुग्णांच्या चाचण्यांत २००९ मध्ये फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण २१ टक्क्यांनी जास्त दिसलं. घबराट पसरली. मग २०१३ मध्ये सुमारे ५० हजार माणसांच्या १३ चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या आणि एकूण कर्करोगात लक्षणीय वाढ वा घट, काहीच आढळलं नाही. म्हणजे निरोगी माणसाने या गोळीला घाबरू नये आणि तिच्याकडून कर्करोगापासून संरक्षणाची आशाही करू नये. गरोदर बाईची लाल गोळी तर कुणीही या आकड्यांच्या भीतीने बंद करू नये. तिचा फायदा निर्विवाद आहे.

उपचार चालू असलेल्या रुग्णाचं मात्र वेगळं. २०२० मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ अमेरिकी रुग्णांचा अभ्यास आला. केमोच्या आधी आणि केमो चालू असतानाही ब-१२ घेणाऱ्या बायकांमध्ये आजार परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण अधिक होतं. अशा अभ्यासातून कारण पक्कं ठरत नाही. पण १९४७ च्या बोस्टनमधली मुलं आठवली की हा इशारा हलका वाटत नाही. आपल्याकडे अँटिबायोटिकबरोबर बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल लिहून देण्याची इतकी जुनी सवय आहे की ती गोळी औषधात धरलीच जात नाही. ‘आणखी काय घेता?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर रुग्ण ‘काही नाही’ म्हणतो, आणि पिशवीत चार बाटल्या असतात. त्या बाटल्या टेबलावर काढून दाखवायला हव्यात, कारण त्यांतली एखादी खरोखर लागणारी असू शकते. मेथोट्रेक्सेट थोड्या मात्रेत संधिवातावरही देतात, आणि तिथे डॉक्टर स्वतःच फॉलिक ॲसिडची गोळी जोडीला लिहितात. कुठलं, किती, कोणत्या दिवशी, यावर सगळं अवलंबून असतं.

हे सर्वांत उघड दिसतं ते हाडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात. किशोरवयीन मुलांच्या या आजारात मेथोट्रेक्सेट कधी कधी इतक्या मोठ्या मात्रेत सलाइनमधून सोडतात की एरवी त्याने जीवच जावा. पिवळी बाटली काही तासांत संपते. शरीरातल्या साऱ्या दुभंगणाऱ्या पेशी, कर्करोगाच्या तशाच मज्जेतल्या आणि तोंडातल्याही, उपाशी पडतात. मग साधारण २४ तासांनी सिस्टर घड्याळ बघून दुसरं इंजेक्शन घेऊन येते, ल्युकोव्होरिन. ते फॉलिक ॲसिडचंच एक तयार रूप, तोतयाने अडवलेल्या दाराला वळसा घालून आत शिरणारं. निरोगी पेशी त्यावर तगतात. दर सहा तासांनी एक डोस, रक्तातलं औषध पुरेसं उतरेपर्यंत. आई फोनवर गजर लावून ठेवते, रात्री दोनचाही.